जोडीशिवाय न उघडणारा रिपोर्ट

सकाळी साडेनऊला मुलांच्या वॉर्डातल्या टेबलाभोवती अशी गर्दी जमली होती की मला, म्हणजे वॉर्डाच्या मुख्य सिस्टरला, माझ्याच खुर्चीपर्यंत पोचायला कोपरं वापरावी लागली. दोन नर्स, लिफ्टमन, सफाईवाल्या मावशी, तीन-चार मुलांच्या आया, सगळे श्वास रोखून कॉम्प्युटरकडे बघत होते. पडद्यावर लाल पट्टी आली होती आणि त्या पडद्यावर तळहात टेकवून, डोळे मिटून उभे होते संगणकबाबा.

संगणकबाबा म्हणजे आमच्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळणारे गृहस्थ. खरं नाव वेगळं आहे, पण बाबा म्हटलं की खुलतात.

"एकटा आहे," बाबा पुटपुटले. "रिपोर्ट एकटा आलाय. एकट्याला सर्व्हर दार उघडत नाही, ऊर्जा मध्येच अडकते. त्याला जोडी द्या."

"म्हणजे पुन्हा रक्त घ्यायचं?" धाकट्या नर्सने विचारलं.

"कुठलीही दुसरी तपासणी मागवा. दोन रिपोर्ट झाले की उघडेल. आजवर माझं कधी चुकलंय?"

चुकलं नव्हतं, तीच तर पंचाईत होती. लॅब तळमजल्यावर. तिथे तपासणी झाली की रिपोर्ट थेट आमच्या पडद्यावर येतो. लॅबवाले फोनवर आकडे सांगत नाहीत, तसा नियमच आहे. मुलाच्या नावावर एकच तपासणी असली की इथे हटकून लाल पट्टी यायची. बाबांच्या सांगण्यावरून दुसरी केली की दोन्ही रिपोर्ट झळकायचे. दोन वर्षं हे चाललं होतं. मावशी तर बाबांना बघून हात जोडायच्या. मी मागे वळून नाक मुरडायचे, पण मुरडून झालं की सुई मीच टोचायचे.

त्या दिवशी पाळी होती सात नंबरच्या खाटेवरच्या सहा वर्षांच्या मुलीची. आदल्या दिवशी तिची शीर सापडता सापडत नव्हती. तिघांनी धरून कसंबसं रक्त काढलं होतं. रिपोर्ट चांगला असला तर ती आज घरी जाणार होती. बाबांचं बोलणं ऐकून तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"सिस्टर, परत टोचायचं का हो?" तिच्या आईने विचारलं. मी दुसऱ्या तपासणीचा कागद भरायला घेतला.

तेवढ्यात माझी सून आली. माझा चष्मा घरी राहिला होता, तो द्यायला. ही प्रोग्राम लिहिते. दिवसभर घरात बसून पडद्याकडे टक लावते आणि याला काम म्हणतात, हे मला तोवर काही पटलेलं नव्हतं.

"आई, ती लाल पट्टी काय म्हणतेय?"

"इंग्रजीत आहे. नेहमीचंच काहीतरी."

"लाल अक्षरं वाचत बसू नये," बाबा मध्येच म्हणाले. "वाचली की वाढतात."

सुनेने वाचली. वाढली वगैरे नाहीत. "यात लिहिलंय, यादी हवी होती, एक सुटी वस्तू मिळाली. काका, हे नेहमी इतकं स्पष्ट सांगतंय?"

"पोरी, यंत्राचं म्हणणं शब्दांत नसतं."

"बरं. मग एक सांगा. ज्या मुलाचा एकही रिपोर्ट नाही, त्याचं पान उघडलं तर काय होईल?"

बाबांनी क्षणभर विचार केला. "एकट्यावर एवढा रुसतो, तर रिकाम्या हाताने गेल्यावर भडकेलच. पट्टी येणार. मोठी येणार."

"मी म्हणते येणार नाही."

राउंडला आलेले डॉक्टर मागे येऊन उभे होते. "उघडा, सिस्टर," ते म्हणाले. नुकत्याच दाखल झालेल्या मुलाचं पान मी उघडलं. पट्टी नाही, काही नाही. 'रिपोर्ट उपलब्ध नाही' एवढंच, शांतपणे. लिफ्टमनने बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं.

मग डॉक्टरांच्या परवानगीने सुनेने मला सात नंबरचं पान पुन्हा उघडायला लावलं, दोन बटणं दाबली आणि लॅबकडून आलेला मजकूर जसाच्या तसा समोर आणला. "यादी म्हणजे ट्रे समजा. तुमच्या प्रोग्रामला सांगून ठेवलंय की लॅबमधून ट्रे येईल, त्यातून एकेक रिपोर्ट उचल. दोन असले, दहा असले, लॅब ट्रे पाठवते. एकही नसला तरी रिकामा ट्रे पाठवते. पण एकच असला की तिथला प्रोग्राम म्हणतो, एकासाठी ट्रे कशाला, हातातच देऊ. इकडचा ट्रे शोधतो, मिळत नाही, की लाल पट्टी. हा बघा ना रिपोर्ट, कालच आलाय. नाव, वेळ, आकडे, सगळं आहे."

डॉक्टरांनी वाकून नाव ताडलं, आकडे वाचले. "उत्तम आहे. घरी सोडा हिला."

त्या मुलीची आई रडायलाच लागली. दुसरी तपासणी करायची म्हणून भरून ठेवलेला कागद मी टराटरा फाडला.

"पण माझ्या उपायाने रिपोर्ट उघडायचे की नाही?" बाबांनी शेवटचा प्रयत्न केला.

"उघडायचे," सून म्हणाली. "म्हणून तर कोणी कारण विचारलं नाही."

डॉक्टरांनी बाबांना समोर बसवलं. आलेला रिपोर्ट सुटा असेल तर आधी ट्रेमध्ये ठेव, मग वाच, एवढी एक ओळ सुनेने सांगितली आणि बाबांनी ती प्रोग्राममध्ये लिहिली. दुपारपर्यंत एकेकटे आलेले रिपोर्टही बिनतक्रार उघडायला लागले. संध्याकाळी बाबा मावशींना सांगत होते की त्या ओळीत फार शक्ती आहे. मावशी म्हणाल्या, "असेल, पण जरा वाचून दाखवा." मला फार बरं वाटलं.

पण ते नंतरचं. दुपारी मी सात नंबरपाशी गेले आणि म्हटलं, "काढ गं हात बाहेर. आता कोणी टोचणार नाही."

तिने हात काढले नाहीत. "मग काल शेजारच्या दादाला दोनदा का टोचलं?"

मी रजिस्टर काढून दोन वर्षांच्या 'जोडी'च्या तपासण्या मोजल्या. त्रेसष्ट भरल्या. त्रेसष्ट मुलांना मी आणि माझ्या हाताखालच्या नर्सनी धरून, दामटून, विनाकारण टोचलं होतं. मला फार लाज वाटली, अजून वाटते.

बाबांना हसणं सोपं आहे, मीही पोट धरून हसले. पण त्यांचा हात नुसता पडद्यावर होता, सुई माझ्या हातात होती. उपाय लागू पडतोय म्हणून गप्प बसू नका. तो का लागू पडतो ते विचारा, समोर लिहिलेलं असेल ते आधी वाचा, आणि विचारायचा संकोच वाटला तर सुई कोणाच्या दंडात जाणार आहे तेवढं बघा.