तोंडाकडून पाहिलेलं रानडुक्कर

गेली बावीस वर्षं कुंभार पिंपळगावच्या शिवारात बद्रीनाथचं रात्रीचं काम एकच. पिकात बांधलेल्या उंच माळ्यावर बसायचं आणि रानडुक्कर नाहीतर रोही दिसला की डबा बडवत बेंबीच्या देठापासून ओरडायचं. अशा माणसाला कुणी जीपमध्ये बसवून गुपचूप जनावरं दाखवायला नेईल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण नेणारी सख्खी लेक होती, मग नाही कसं म्हणणार?

मीना अंबडकडच्या जंगलाकाठी एका लॉजवर कामाला होती. आजवर तिनं खोल्यांच्या किल्ल्या सांभाळल्या. आज मात्र मालक सोमेश्वरनं तिला पहिल्यांदाच रात्रीच्या फेरीची गाईड केलं होतं आणि जीप चालवायला स्वतः बसला होता. पाहुणे खूश होऊन परतले तर काम पक्कं, नाहीतर पुन्हा किल्ल्या. पाहुणे म्हणजे संभाजीनगरचं एक जोडपं, पायल आणि सुमित. मागच्या दोन जागा रिकाम्या होत्या, म्हणून मीनानं हौसेनं आईबापाला बोलावून घेतलं होतं.

“आबा, तोंडातून हूं की चूं काढायचं न्हाई,” तिनं निघताना बजावलं.

“मी काय लहान लेकरू हाय का?”

गोजरबाईनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं. तिला तो पुरता ठाऊक होता.

अर्ध्या तासात लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात रोही दिसला. नीलगाईचा नर, घोड्याएवढा, काळानिळा, कान टवकारून उभा. सुमितनं कॅमेरा उचलला. मीना हळूच काही सांगणार, तोवर बद्रीनाथ ताडकन उभा राहिला. कधी उठला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. दोन्ही हातांनी त्यानं जीपचा पत्रा धडाधड बडवला.

“हाऽऽड! हुर्र्योऽऽ! हाऽऽड!”

रोही गेला. झाडावरचं घुबड गेलं. लांब कुठंतरी कोल्हे ओरडत होते, तेही गप्प झाले. पायलच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली.

“सॉरी,” मीना पाहुण्यांना म्हणाली. सोमेश्वरनं गिअर टाकला. बद्रीनाथला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लेकीचं काम त्यानं स्वतःच्या हातानं हाकलून लावलं होतं. गोजरबाईनं त्याच्या खांद्यावरचा रुमाल ओढून त्याच्याच हातात दिला.

“कोंबा तोंडात,” ती म्हणाली. त्यानं मुकाट्यानं कोंबला.

पुढचा तासभर साधा ससासुद्धा दिसला नाही. पाणवठ्यावर जीप थांबवून सोमेश्वर म्हणाला, “दहा मिनिटं बघू, मग माघारी.”

नऊ मिनिटं गेली असतील. बद्रीनाथच्या नाकाशी वारा आला आणि त्याचे कान उभे राहिले. हा आंबूस वास तो झोपेतही ओळखायचा. त्यानं मीनाच्या दंडाला हात लावला आणि पलीकडच्या झुडपांकडं बोट दाखवलं. मीनानं बॅटरी वळवली. झुडपं हलली आणि एक रानडुकरीण पाण्यावर आली.

“एकच आहे,” सुमित कुजबुजला. “चला, निघू या.”

सोमेश्वरचा हात किल्लीकडं गेला. बद्रीनाथनं मागून वाकून तो वरच्यावर धरला, रुमाल काढला आणि लेकीच्या कानाशी लागला. “ही पुढची हाय. धोका हाय का बघून राह्यली. आता हुंकरंल, मंग बाकीचे येतेत. बिलकुल हलू नका.”

“दोन मिनिटं थांबा,” मीना पाहुण्यांना म्हणाली. “ही पाहणी करायला आलीय.”

डुकरीण हुंकारली. झुडपातून एकामागं एक सात पिल्लं बाहेर पडली, अंगावर पट्टे, शेपट्या ताठ. एक घसरून चिखलात आपटलं आणि उठायच्या ऐवजी तिथंच लोळायला लागलं. पायलनं हसू दाबायला तोंडावर हात धरला. सुमितचा कॅमेरा थांबेना. बद्रीनाथचे हात मात्र पत्र्यासाठी शिवशिवत होते, तेव्हा तो दोन्ही हातांवर बसला आणि रुमाल पुन्हा दातात धरला. तेवढ्यात डुकरिणीनं मान वर केली. ओलं नाक, त्यावरून ठिबकणारं पाणी, बारीक डोळे. बद्रीनाथ बघतच राहिला.

पोटभर पाणी पिऊन कळप गेला, तेव्हा पायलनं विचारलं, “काका, तुम्ही तर रोज बघत असाल ना?”

“बघतो की. पण बावीस वर्षं ह्यांची नुसती शेपटीच पाह्यली. तोंड आज पाह्यलं.”

लॉजवर उतरताना पायलनं मीनाचा हात दोन्ही हातात घेतला. सोमेश्वर म्हणाला, “मीना, उद्यापासून किल्ल्या आपल्या कामावरच्या बेबीनंदाकडं दे.” मीना बापाच्या गळ्यात पडली, आणि सगळ्यांदेखत बद्रीनाथला रडू आलं. तोंड पुसायला तोच ओला रुमाल होता.

आठ दिवसांनी रात्री मीनाचा माळ्यावर फोन आला. “आबा, आज पाच पाहुणे होते! तरस दिसलं! तुमच्याकडं काय?”

“डुकरं आलीत ज्वारीत,” बद्रीनाथ कुजबुजला.

“मंग हाकलून राह्यले न्हाई का?”

“हाकलतो की. पिल्लं तर मोजू दे जरा.”