छेदाला हात लावायचा नाही

पुष्कर अकरावीत माझ्याच हाताखाली शिकला आणि आता माझ्याच बॅचवर डोळा ठेवून उभा होता. शनिवार पेठेतल्या आमच्या क्लासची अकरावीची गणिताची बॅच बावीस वर्षं माझी. यंदा मालक रंगनाथ सरांनी फर्मान काढलं: दोघांनी एकेक तास घ्यायचा, विषय असमानता; ज्याचा तास उजवा ठरेल त्याची बॅच. ठरवणार कोण, तर रंगनाथ सर, स्वतः कॉमर्सवाले!

सोमवारी माझा तास झाला. मुलं गप्प बसून होती. मंगळवारी पुष्करचा तास, मी मुद्दाम शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मुलं हसत होती, आणि हसता हसता शिकतही होती, ते जास्त झोंबलं. माझ्या तासाला जांभया देणारी स्पृहा पहिल्या बाकावर अगदी पुढे सरकून बसलेली. मी जळत होते, खोटं कशाला बोलू?

त्यानं फळ्यावर लिहिलं: 5x / (x² + 1) < 2. आणि दोन्ही बाजूंना छेदानं गुणून मोकळा झाला.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. छेदात x असला की छेदाला हात लावायचा नाही, हे मी बावीस वर्षं मुलांच्या डोक्यात ठोकून बसवलंय. छेद ऋण निघाला तर चिन्ह उलटं करावं लागतं; नाही केलं की उकल संचाचं वाटोळं.

"थांब!" मी उठलेच. "छेदाचं चिन्ह ठाऊक आहे तुला? की माझं शिकवलेलं सगळं विसरलास?"

दारात उभे असलेले रंगनाथ सर आत आले.

स्पृहा हळूच म्हणाली, "मॅडम, पण x स्क्वेअर प्लस वन निगेटिव्ह कसं होईल?"

कुठल्याही संख्येचा वर्ग कधी ऋण नसतो, त्यात वर एक मिळवलेला. शेंबडं पोरही सांगेल. मी छेदातला x पाहिला आणि पुष्करची चूक पाहिली, बाकी काही पाहिलंच नाही. माझी कानशिलं तापली.

"मॅडमचं बरोबर आहे," पुष्कर शांतपणे म्हणाला. "मी कारण लिहायला हवं होतं." त्यानं मधे ओळ घातली: x² + 1 > 0, म्हणून चिन्ह तेच. मग संख्यारेषा काढली, अर्धा आणि दोन यांच्यावर पोकळ गोल केले आणि मधला भाग सोडून दोन्हीकडे बाण नेले. x अर्ध्याहून लहान किंवा दोनाहून मोठा. उकल संच बिनचूक होता.

तास संपल्यावर रंगनाथ सरांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. "काय नजर आहे तुमची, ललिताबाई! बरोब्बर चूक पकडलीत. बॅच तुमचीच."

पुष्कर खाली बघत उभा. मी फक्त गप्प राहायचं होतं. पण हुशार तो, मुलांचा लाडका तो, आणि आता मोठ्या मनाचाही तोच? हे मला सहन होईना.

"त्याचं काही चुकलं नव्हतं," मी म्हणाले. "चुकले मी. तो छेद कायम धनच असतो."

सर गोंधळले. "मग बॅच?"

"त्याची."

जिन्यात पुष्करनं मला गाठलं. "मॅडम, कशाला सांगितलंत? मी कधीच बोललो नसतो."

"म्हणूनच सांगितलं."

तो पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.