नावं ठेवणारी

ताशायच्या विषारी बाणाने भलामोठा कुडू, पिळदार शिंगांचं हरीण, पडला. कलहारी वाळवंटातल्या त्या वस्तीत शिकाऱ्याला गर्व चढू नये म्हणून सगळे शिकारीला नावं ठेवायचे. त्यात ताशायची बायको बाउ सर्वांत तिखट. "काय रे, हा हाडांचा भारा उचलायला एवढी माणसं नेलीस?" म्हणायची आणि आधी स्वतःच हसायची.

बाउ देवाघरी गेल्यानंतरची ही पहिलीच शिकार. मांस खाली ठेवून ताशाय मान खाली घालून उभा राहिला. कुणीतरी टोमणा मारावा, एवढंच त्याला हवं होतं.

बाउची थोरली बहीण जवळ आली. त्याच्या पाठीवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "छान शिकार आणलीस हो."

"खरंच, केवढा मोठा!" बाकीचेही मायेने म्हणाले.

"नावं ठेवा ना गं कुणीतरी," म्हणता म्हणता ताशाय मटकन खाली बसला आणि लेकरासारखा रडू लागला.