समितीसाठी राखलेली खोली

डॉक्टर रमाकांत पुण्याहून व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेऊन आले आणि मोताळ्याकडच्या त्या आरोग्य केंद्राचं नशीबच फळफळलं. फरशीवर पिवळे पट्टे आले, भिंतीवर 'रुग्ण हाच आमचा देव' आलं, आणि हसतमुख कसं राहावं यावर सिस्टर समीक्षाला व्याख्यान मिळालं. समीक्षा हसली. इतकी वर्षं ती बाळंतपणंच करत राहिली होती, हसायचं कामही आपल्याकडेच आहे हे बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं.

खरी क्रांती म्हणजे नवी प्रसूतीची खोली. नवं टेबल, मोठा दिवा, जन्मलेल्या बाळाला ऊब देणारं यंत्र. गुण द्यायला समिती येईपर्यंत ती कोरी करकरीत राहावी म्हणून डॉक्टरांनी तिला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली. बाळंतपणं मागच्या पोपडे पडलेल्या खोलीत होत राहिली. पाहुण्यांच्या कपबशा शोकेसमध्ये आणि घरच्यांना कान तुटलेला कप, ही आपली जुनीच रीत. डॉक्टरांनी तिला 'व्यवस्थापन' हे नवं नाव तेवढं दिलं.

समिती यायची होती त्याच सकाळी, कडाक्याच्या थंडीत, मनकर्णाबाई कळा देणाऱ्या सुनेला, वंदनाला, घेऊन आल्या. डॉक्टर समितीला आणायला मलकापूर स्टेशनवर गेलेले. किल्लीही त्यांच्याबरोबर गेलेली.

मागच्या खोलीत बाळ जन्मलं, पण रडलं नाही. समीक्षाने तोंड साफ केलं, पाठ चोळली, तोंडावर रबरी पिशवी धरून, ती दाबून श्वास दिला. बाळ कण्हलं, पण अंग गार पडत चाललं.

"ते यंतर हाय ना तिकडं? काऊन नाई नेत त्याले?" मनकर्णाबाई ओरडल्या.

"कुलूप हाय, बाई. समितीसाठी ठेवेल हाय."

"समितीले लेकरू होनार हाय काय?"

समीक्षाने डॉक्टरांना फोन लावला. "सिस्टर, पाहुणे गाडीत आहेत," डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले. "आलोच. खोलीला हात लावू नका, गुण जातील!"

नोकरीची भीती समीक्षाला होतीच, पण आता त्याहून जास्त संताप आला. तिने गुंडाळलेलं बाळ आजीच्या छातीशी दिलं, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना उचलला आणि दारावर घाव घालत सुटली. कोयंडा कुलपासकट निखळून पडला.

समिती पोचली तेव्हा पिवळ्या पट्ट्यांवर रक्ताची पावलं उमटली होती, नव्या टेबलावर वंदना निजली होती, आणि यंत्रातलं बाळ अख्खं केंद्र डोक्यावर घेत होतं. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. समितीच्या बाईंनी यंत्रावर वाकून बाळाला पाहिलं.

"एवढी केंद्रं पाहिली," त्या म्हणाल्या, "वापरात असलेली नवी खोली ही पहिलीच." आणि त्यांनी पूर्ण गुण दिले.

डॉक्टरांना प्रशिक्षण चांगलंच लागू पडलं होतं. ते लगेच हसतमुख झाले. "मॅडम, आमच्याकडे निर्णयाचे अधिकार अगदी खालपर्यंत दिलेले आहेत."

बुलढाण्याला डॉक्टरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला. त्याच आठवड्यात समीक्षाला दार तोडल्याबद्दल खुलासा मागणारी नोटीस आली, आणि सत्काराला पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचा निरोपही आला.

ती गेली नाही. रोहिणखेडची एक पहिलटकरीण पहाटेच आली होती, आणि समीक्षाने तिला सरळ नव्या खोलीत नेलं.