पाय धरणारं लोखंड

मयूरनं सव्वादोनशे सीसीची गाडी घेतली, तेव्हा तिला गार्ड कुठलं बसवायचं यावरून आमच्या घरात जेवढा वाद झाला तेवढा माझ्या लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. तेव्हा झाला असता तर बरं होतं, दोन वर्षांत माहेरी परत यावं लागलं नसतं; पण ते असो. ही गोष्ट दोन हजार आठ सालची. मखमलाबादला आमचा झेंडूचा मळा, आणि घरात तिघंच: आई, धाकटा भाऊ मयूर आणि मी. मयूर फुलांची पोती गाडीला बांधून सप्तशृंगीच्या गडावर न्यायचा, नांदुरीचा घाट चढून. आठवड्यातून दोनतीन खेपा व्हायच्या.

वाद खरा गार्डचा नव्हता, यादवचा होता. यादव आमचा थोरला. अकरा वर्षांपूर्वी त्याच घाटात, उंबराच्या वळणावर, तो गाडीसकट पडला. त्याच्या गाडीला पुढं लोखंडी लेगगार्ड होतं, दोन्ही बाजूंना वळवलेल्या जाड नळीचं. पडल्यावर ती नळी आत दबली आणि तिच्यात त्याचा डावा पाय अडकला. डोक्याला खरचटलंही नव्हतं. पाय सुटला असता तर उठून रस्त्यावर आला असता, कुणाच्या तरी नजरेला पडला असता, असं डॉक्टर म्हणाले. हे वाक्य आईच्या कानावर पडायला नको होतं. लोक पोचेपर्यंत सगळं रक्त वाहून गेलं होतं.

आई तेव्हापासून एकच बोलायची, "माझ्या लेकाला त्या लोखंडानं धरून ठिवलं." गाडी भंगारात गेली, पण ते वाकडं लेगगार्ड तिनं जाऊ दिलं नाही. विहिरीपाशी जमिनीत रोवलं आणि त्याच्यावर घोसाळ्याचा वेल चढवला. मी कितीदा म्हटलं, काढून टाक, बघवत नाही. ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे, त्याचं हात लागल्यालं हाय." त्या वेलाला कधी सुतळी बांधावी लागली नाही. वारावादळात शेजारच्या मांडवावरचे वेल लोळायचे, हा आपला जागच्या जागी घट्ट.

विहिरीला तेव्हा कठडा नव्हता. मयूर लहान असताना पोटावर पालथा पडून आत कासव दिसतंय का बघायचा, आणि यादव मागं बसून त्याचा डावा घोटा मुठीत धरायचा. "धरलंय रे, बघ तू," असं म्हणायचा आणि स्वतः दुसऱ्या हातानं शेंगा खात बसायचा. माझा घोटा कधी कुणी धरला नाही, मला विहिरीकडे फिरकायलाच बंदी होती. याचा राग मला अजून येतो, आणि यादवची आठवणही याच रागातून येते.

तर नाशकात द्वारक्याजवळच्या एका दुकानात आम्ही तिघं गार्ड घ्यायला गेलो. आईला घरी ठेवून जायचा मयूरचा बेत होता, पण ती आमच्या आधी चप्पल घालून दारात उभी. दुकानदारानं गार्डं मांडली. आईनं लुगडं जरा वर घेतलं, पायातली चप्पल काढली आणि एकेका गार्डच्या नळीत स्वतःचा डावा पाय घालून बघायला लागली. पाय घालायचा, वाकडा करायचा, ओढून बाहेर काढायचा.

"अहो मावशी, हे गाडीला लावायचं असतं, पायात घालायचं नसतं," दुकानदार म्हणाला.

"मला ठावं हाय," आई म्हणाली. "ह्याच्यात पाय अडकतोय. दुसरं दाखीव."

दुसऱ्यातही अडकला, तिसऱ्यातही. गिऱ्हाइकं बघायला लागली. मला एरवी अशा वेळी लाज वाटते, त्या दिवशी वाटली नाही. त्या माउलीनं मनात किती वेळा तो पाय ओढून बाहेर काढला असेल, एवढंच डोक्यात आलं आणि मी तिची चप्पल हातात धरून उभी राहिले.

शेवटी मयूरनं काचेच्या कपाटातून काळी नायलॉनची बोंडं काढायला लावली. मुठीत मावतील एवढी, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. तो आईला समजावून सांगायला लागला, "आई, याला स्लायडर म्हणतात. लोखंड रस्त्यात रुततं, गाडी उलटवतं, नाहीतर वाकून पायावर येतं. हे रुतत नाही आणि वाकत नाही. गाडी पडली की हे आधी टेकतं आणि गाडी नुसती घसरत जाते. पाय अडकायला यात जागाच नाही."

"म्हंजी हे धरत नाय."

"नाही धरत. सोडून देतं."

आईनं ते बोंड हातात घेतलं, गालाला लावून पाहिलं आणि म्हणाली, "हेच घे." दुकानदार म्हणाला, घाटातल्या माणसानं दणकट लेगगार्डच घ्यावं, ही प्लॅस्टिकची खेळणी शहरातल्या पोरांची. आईनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पुडी बांधायला लागला.

बोंडं गाडीला जोडायच्या ज्या पट्ट्या बरोबर आल्या होत्या, त्या मयूरच्या गाडीला बसेनात. अंबडच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा त्याचा मित्र सुनील म्हणाला, जाड लोखंडी पट्टी आणून दे, मी भोकं पाडून बेतून देतो. दोन दिवसांत गाडी तयार झाली. आईनं हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि मला वाटलं की आता तरी या घराला जरा झोप लागेल.

पहिल्या खेपेहून मयूर आला तो डावा बूट काढून उलटापालटा करत बसला. म्हणाला, उंबराच्या वळणावर पाय कशात तरी अडकल्यासारखा झाला, नाडी अडकली असेल. बुटाला नाडी नव्हतीच. मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाला, "तू वकील का नाही झालीस?"

पुढच्या खेपेला मी मागं बसले. नवरात्र तोंडावर आलं होतं, पोती जास्त होती, हे निमित्त. दिवस लख्ख होता. घाटात माकडं कठड्यावर बसलेली, देवीला निघालेल्या बायका गाणी म्हणत चाललेल्या. भिण्यासारखं काही म्हणून नव्हतं. उंबराचं वळण आलं आणि गाडी गुरगुरायला लागली, कारण मयूर गिअर बदलत नव्हता. मी खाली वाकून पाहिलं. त्याचा डावा पाय गिअरपाशी होता, पण वर उचलत नव्हता. घोट्यापाशी त्याच्या पँटचं कापड आवळलं गेलं होतं. वाऱ्यानं कापड मागं उडतं, हे चहूबाजूंनी आत दबलं होतं आणि चुण्या पडल्या होत्या. बाहेर मात्र काही नव्हतं. मी डोळे फाडून पाहिलं, काही नव्हतं. वळण संपलं, कापड आपोआप मोकळं झालं आणि मयूरनं गिअर टाकला.

"पायात गोळा आला," तो म्हणाला.

 गडावर पोचेपर्यंत मी त्याच्या घोट्यावरून नजर हलवली नाही.

घरी आले आणि हातपाय धुवायला बऱ्याच दिवसांनी विहिरीवर गेले. घोसाळ्याचा वेल जमिनीवर पसरला होता. त्याच्या खालचं लेगगार्ड नव्हतं. जिथं रोवलं होतं तिथं नुसता खड्डा. मी तशीच ओल्या पायांनी चुलीपाशी गेले आणि आईला विचारलं, गार्ड कुठाय. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"सुनीलला दिलं. पट्टी पायजे व्हती ना. नळी चिरून, ठोकून केली त्यानं, जाड लोखंड हाय."

"आई, अगं ते यादवच्या..."

"मंग? एकाला त्यानं मारलं. आता दुसऱ्याला सांभाळू दे. फेडू दे."

मी फार बोलले. वेडी आहेस, म्हटलं. मयूर मध्ये पडला, तर त्यालाही झाडलं आणि जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते सांगितलं. तो हसला नाही. उद्या एवढी खेप टाकतो, फुलं तोडून ठेवलीत, मग सुनीलकडे जाऊन पट्ट्या बदलून आणतो, म्हणाला.  तव्यावरची भाकरी करपली, तरी आईनं ती उलटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका टेम्पोवाल्यानं मयूरला घरी आणून सोडलं. उंबराच्या वळणावर बारीक खडी पसरली होती आणि गाडी घसरली. दारातच उभा राहून टेम्पोवाला सांगायला लागला, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं.

"ताई, गाडी आडवी झाली अन् नुसती सरकत निघाली. कुठं आडली नाय, कुठं उलटली नाय. कठडा फुटलेला हाय ना, तिथून सरळ दरीत. हा बी तिच्यासंगं चालला व्हता. कमरेपर्यंत बाहेर गेला, मी बगितलं. अन् मंग थांबला. पालथा, डोकं दरीत अन् एक पाय मागं ताणल्याला. कुणी धरून ठिवल्यावानी. तिथं धरायला काय बी नाय, ताई. गुळगुळीत डांबर हाय."

बोंडांनी त्यांचं काम चोख केलं होतं. सोडून दिलं होतं.

मयूरला कुठं मोडलं नव्हतं. फोटो काढला, हाड शाबूत. पण डाव्या घोट्याभोवती निळसर वळ होता, आणि तो पाय गार. माठाला हात लावावा तसा गार. मी रात्रंदिवस शेकत होते. पहिल्यांदा घोटाच गार होता, मग पोटरी झाली, मग गुडघा. डॉक्टर म्हणाले, रक्त नीट फिरत नाही, आणखी वर चढलं तर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, पाय वाचेल की नाही सांगता येत नाही. आणि पाय जड झाला होता. मयूरला उंबरा ओलांडता येईना. दोन्ही हातांनी मांडी उचलून तो पाय पुढं ठेवायचा.

एका दुपारी, मी शेकत असताना, तो म्हणाला, "मोहिनी, दरी दिसत होती ना, तेव्हा मागून आवाज आला. धरलंय रे, बघ तू."

आई दारात बसून हार ओवत होती. तिच्या हातातली सुई थांबली.

"त्यानं अजून सोडलेलं नाही," मयूर म्हणाला. "मला कळतंय. तो वाईट नाही गं. त्याला वाटतंय मी अजून पडतोय."

मला रडू फुटलं. इतकी वर्षं तो त्या लोखंडाला धरून आमच्या विहिरीपाशी होता, वेल सांभाळत होता, आणि आता लोखंड दरीत गेलं होतं. त्याच्या हातात मयूरच्या पायाशिवाय काहीच उरलं नव्हतं. हे मी मोठ्यानं बोलले की मनात, आठवत नाही. आई उठली आणि म्हणाली, "जीप सांग."

यादव गेल्यापासून आई त्या वळणावर गेली नव्हती. गडाला जायची तीही नांदुरीहून पायऱ्यांनी. त्या दिवशी ती जीपमधून उतरली, फुटलेल्या कठड्यापाशी गेली आणि चक्क खाली बसली, पाय दरीकडे सोडून. मी मागून तिचा दंड धरला. मयूर जीपमध्येच होता, दार उघडं ठेवून, गार पाय बाहेर लोंबत. येणारीजाणारी माणसं बघत होती. वारा पडला होता.

"यादव," आई म्हणाली. रोज जेवायला हाक मारावी तशी. "धाकल्याला सोड. तो पडत नाय आता. मी बगितलंय."

काही झालं नाही. आईनं लुगडं जरा वर घेतलं, डाव्या पायातली चप्पल काढली. दुकानात केलं होतं अगदी तसंच. आणि तो पाय तिनं दरीवर पुढं केला.

"त्याचा सोड. माझा धर."

तिचा दंड माझ्या हातात होता, म्हणून मला कळलं. तिला एक हिसका बसला, हलकासा, लहान मूल अंगाला बिलगतं तेवढा. त्याच वेळी मागं मयूर ओरडला, जीपच्या बाहेर उभा राहिला आणि दोन पावलं चालला. मी वळून त्याच्याकडे पाहिलं. आईनं पाहिलं नाही. ती खाली, आपल्या पायाकडे बघत होती, आणि अकरा वर्षांत न रडलेली बाई रडत होती.

मयूरचा पाय आठवड्यात बरा झाला. त्यानं पुन्हा गाडी घेतली, पुन्हा बोंडं लावली, यावेळी दुकानातल्याच पट्ट्यांवर. आई तेव्हापासून डावा पाय ओढत चालते. तो घोट्यापासून गार असतो, पण वर चढत नाही. डॉक्टरकडे ती जात नाही. परवा थंडी फार होती, म्हणून मी तिला झोपताना लोकरीचे मोजे घातले. तिनं उजवा राहू दिला.

"डावा काढ," ती म्हणाली. "त्याला नीट धरता येत नाय."