सांगून उठायचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. लांब, जड, ऐनाच्या लाकडाचा. माझ्यावर बसायचं असेल तर आधी माझी खोड ऐकून घ्या. नाहीतर पडाल, आणि वर मलाच नावं ठेवाल.

मला घडवलं पालीच्या सावळाराम सुतारानं. त्यानं उभ्या जन्मात दारं आणि नांगर केले होते, बाक कधी केला नव्हता. कामथडीजवळच्या छोट्या ख्रिस्ती प्रार्थनाघराला बाक पाहिजे म्हटल्यावर त्यानं एकच विचारलं, "न्यायचा कशातनं?" टेम्पोतनं, असं कळल्यावर तो जाऊन टेम्पोचा हौदा मापून आला आणि तेवढ्याच अंतरावर माझे पाय ठोकले. फळी मात्र त्यानं लांबच्या लांब ठेवली. जास्त माणसं बसली तर पुण्य लागेल म्हणाला. त्यामुळं टेम्पोत मी आडवा असा चपखल बसलो की बघत राहावं. माझ्यावर मात्र कुणाला चपखल बसता येईना.

वाटेत माझी दोन्ही टोकं हौद्याबाहेर डोकावत होती. हायवेच्या कडेनं चाललेल्या कुणाच्या तरी सायकलची मेथीची पिशवी माझ्या टोकाला अडकली आणि तशीच प्रार्थनाघरापर्यंत आली. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकाकांना वाटलं, कुणी भाविकानं अर्पण पाठवलंय. त्यांनी त्या मेथीसाठी आभाराची प्रार्थना केली आणि संध्याकाळी ती घरी नेऊन खाल्ली.

माझी खोड पहिल्याच रविवारी कळली. माझे पाय मधोमध, दोन्ही टोकं अधांतरी. एका टोकाला पंचकाका, चांगले भरलेले. दुसऱ्या टोकाला पुण्याहून आलेले पाहुणे पाळक. पंचकाका सूचना सांगायला उठले आणि पाहुणे पाय वर करून जमिनीवर गेले. मागच्या म्हाताऱ्यांना वाटलं, पुण्याकडं हल्ली अशीच प्रार्थना करतात. त्याही खाली वाकायला लागल्या.

तेव्हापासून नियम पडला. ह्या बाकावरून उठायचं तर शेजाऱ्याला सांगायचं, "उठते हं." मग पलीकडच्यानं मधे सरकायचं, आणि तेव्हाच उठायचं. पोरंबाळंसुद्धा हा नियम पाळायची. मला फार बरं वाटायचं. एकमेकांना न सांगता कुणी कुणाला सोडून जात नाही, अशी जागा जगात किती असतील?

माझ्यावर दर रविवारी वरवे बुद्रुकच्या लीलाबाई बसायच्या. नवरा पोरं लहान असतानाच गेला. बाई दुसऱ्याच्या खाचरात भात लावायची, कापायची, आणि रविवारी धुतलेलं लुगडं नेसून यायची. ती एका टोकाला, मुलगा अमृत दुसऱ्या टोकाला, मधे धाकटी प्रेरणा. अमृत जवळच्याच एका कारखान्यात लागला होता. हाडापेरानं मोठा, आणि खोडकर. उठायच्या आधी मुद्दाम आईच्या कानाशी म्हणायचा, "आये, उठतो हं. पडलीस तर देवाला नाव नगं ठेवूस."

"तुलाच ठेवीन," ती म्हणायची.

एका रविवारी प्रार्थना चालू असताना त्याचा मोबाईल थरथरला. पाळीवर माणूस कमी होता, त्याला लगेच बोलावलं होतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, पाळकसाहेब प्रार्थनेत रंगलेले. अशात बोलायचं कसं, म्हणून तो गुपचूप उठला. त्या दिवशी प्रेरणा तापानं घरी होती, मधे कुणी नव्हतं. लीलाबाई धाडकन खाली. सगळी मंडळी हसली, पाळकसाहेब "आमेन" म्हणायच्या जागी "अरे अरे" म्हणाले. लीलाबाई जमिनीवर बसूनच हसत म्हणाली, "घरी ये, मंग बगते तुला." अमृतनं दारातनं आपला कान धरला आणि गेला.

संध्याकाळी हायवे ओलांडताना त्याच्या गाडीला ट्रकनं उडवलं. तो घरी आला नाही.

मित्रांनो, त्यानंतर लीलाबाई कधी माझ्यावर बसली नाही. माझ्यावरच काय, कशावरच बसली नाही. उपासनेला आली की मागं उभी राहायची. घरी स्वैपाक उभ्यानं, जेवण उभ्यानं. आपलं काम संपलं की दुसऱ्याच्या घरचं काम मागून आणायची. प्रार्थनाघर झाडायची, मग झाडलेलंच पुन्हा झाडायची. पाय सुजून मडक्यासारखे झाले. शेजारच्या ठकुबाई विचारायच्या, "लीले, तुझ्या पायाला काय चाकं बसवल्यात का?" तर म्हणायची, "मावशे, बसलं की त्यो दिसतो."

मंडळीला तिची काळजी वाटली. तिच्या जिवाला विसावा मिळावा म्हणून मंडळीनं प्रार्थनासभा ठेवली. कुठं? तिच्याच घरी. खुर्च्या नव्हत्या म्हणून गावातल्या गेनूच्या टेम्पोतनं मला नेलं आणि तिच्या ओसरीवर मांडलं. माणसं इतकी आली की चपलांनी अंगण भरलं.

पाळकसाहेब फार सुंदर बोलले. थकलेल्या माणसाला देव आपल्याजवळ बोलावतो, त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरवतो, असं ते सांगत होते. तेवढ्यात आतनं लीलाबाईचा आवाज आला, "बिनसाखरेचा कुणाकुणाला?"

"शू," पंचकाका म्हणाले, "विसाव्याचं चाललंय." आणि हळूच बोट वर केलं, बिनसाखरेचा त्यांनाच होता.

ज्या बाईसाठी सभा होती तिनं एक शब्द ऐकला नाही. तिनं चहा केला, भजी तळली, कपबश्या विसळल्या, परत चहा केला. पंचकाका भजी संपवून म्हणाले, "लीलाबाई, झकास. आता तुमी बी जरा टेका की."

"टेकते की, भांडी घासून."

निघताना पाळकसाहेब तिला म्हणाले, "लीलाबाई, देवाचं तुमच्यावर प्रेम आहे, हे विसरू नका."

तिनं ओले हात पदराला पुसले. "प्रेमाबद्दल म्या काय बोलत न्हाई, साहेब. पर येक विचारू? तुमच्या ह्या बाकावर आमच्यासारखी साधी माणसं बी सांगून उठत्यात. पर त्यो द्येव माझ्या पोराला घिऊन उठला. मला सांगितलं का न्हाई त्यानं? म्या जरा सरकले आसते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग बराच वेळ चपला शोधल्या.

मला परत न्यायला गेनू येणार होता. तो कुणाच्या तरी लग्नाचा मांडव पोचवायला गेला आणि मला विसरला. पुढं प्रार्थनाघरात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, मग बाकीचेही विसरले. मी ओसरीवर राहिलो. माझ्यावर कुरडया वाळल्या, बादल्या ठेवल्या गेल्या, एका कोंबडीनं तर माझ्या टोकाला आपलं घरच मानलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते प्रेरणाचं. त्या पोरीला आई दिसायची ती नेहमी पाठमोरी. चुलीपाशी पाठमोरी, मोरीत पाठमोरी, दारातनं कामाला जाताना पाठमोरी.

एकदा पोर माझ्या कडेला उभी राहून म्हणाली, "आई, बस की जरा. तुझं त्वांड बगायचंय."

"त्वांडात काय बगायचंय? दिवा लाव, जा."

"दादा गेला तवा मी बी हितंच व्हते, आई. मी कुठं गेले न्हाई."

लीलाबाईचा हात थांबला. मग परत पिठात गेला. मला वाटलं, हे घर आता असंच उभ्या उभ्या संपणार. पोरगा गेलाच, आता हळूहळू आई पण जाईल, आणि हे लेकरू नुसती पाठ बघत मोठं होईल.

अशी काही वर्षं गेली. मग एकदा भाताची काढणी झाली तेव्हाची गोष्ट. मजुरीत मिळालेल्या भाताचं पोतं लीलाबाईनं माझ्या एका टोकाला, पायाच्या बरोबर वर ठेवलं होतं, गिरणीत न्यायला. दुपारी ती अनवाणी आली, तळव्यात काटा मोडलेला. पोतं पलीकडं आहे बघून ती माझ्या ह्या टोकावर टेकली, फक्त काटा काढण्यापुरती. पाय मांडीवर घेतला, डोकं मागच्या खांबाला लागलं, आणि बाई झोपली. हातात सेफ्टीपिन तशीच.

मी श्वास रोखला. लाकडाला श्वास असतो का, ते तुम्ही ठरवा.

तेवढ्यात गेनू पोतं न्यायला आला. त्यानं पोत्याला हात घातला आणि आतनं प्रेरणा पळत आली. दबक्या आवाजात म्हणाली, "गेनूकाका, उचलू नगं. आई खाली जाईल."

"मंग गिरणीत काय तुझ्या आईला नेऊ?"

"पोत्याच्या जागी तू बस."

"आन् पोतं कोण उचलंल?"

पोरीनं त्याची बाही धरून खाली ओढलं. गेनू मुकाट्यानं पोत्याशेजारी बसला. रस्त्यात उभ्या टेम्पोमागं एक एसटी येऊन हॉर्न वाजवायला लागली. गेनूनं ड्रायव्हरला हातानंच खुणावलं, झोपलीय. ड्रायव्हरला काहीच कळलं नाही, पण त्यानं हॉर्न बंद केला.

मग ठकुबाई आल्या. "का रं गेन्या, सासुरवाडीला आल्यागत बसलाईस?"

"मावशे, हळू बोल. ये, बस हितं. मला पोतं न्हेयाचंय."

ठकुबाई अंगानं काटकी. एकटीनं भागेना, म्हणून प्रेरणा त्यांच्या मांडीवर बसली. गेनू म्हणाला, "उठतो हं," आणि पोतं घेऊन चोरासारखा पाय न वाजवता गेला. ठकुबाईंना हा नियम कुणी शिकवला नव्हता, तरी त्यांनी टोकाला सरकून भार धरला. त्यांची म्हैस गोठ्यात ओरडायला लागली, धारेची वेळ झाली होती. त्या म्हशीला तिथूनच शिव्या देत राहिल्या, त्याही पुटपुटत.

मग स्कूटरवरनं पाळकसाहेब आले. नाताळासाठी प्रार्थनाघर सारवायला लीलाबाईला सांगायचं होतं. अंगणातच त्यांनी मंडळीच्या रीतीनं खड्या आवाजात सुरू केलं, "सलाम—"

"सलाम पोटात ठेवा, सायेब," ठकुबाई म्हणाल्या. "आन् बसा हितं. माझी म्हस फुटाय आलीया."

साहेब बसले. ठकुबाई गेल्या. साहेबांना सवयीनं मोठ्यानं प्रार्थना करायची होती, पण प्रेरणानं ओठावर बोट ठेवलं. मग त्यांच्या मोबाईलमधनं भक्तिगीत सुरू झालं. त्यांनी मोबाईल मांडीखाली घातला आणि त्या गाण्यावर बसून राहिले. पहिल्यांदाच त्यांनी विसाव्याबद्दल चकार शब्द न काढता कुणाला तरी विसावा दिला.

उन्हं कलली तेव्हा लीलाबाईनं डोळे उघडले. पलीकडं साहेब अवघडून बसलेले, एक पाय मुंग्या येऊन मेलेला, आणि शेजारी प्रेरणा.

"कवापासनं बसलाईसा?"

"मी मघाशी आलो," साहेब म्हणाले. "आधी ठकुबाई होत्या. त्यांच्याआधी गेनू."

"आन् तू गं?"

"तू बसलीस तवापासनं," प्रेरणा म्हणाली. "उठू का, आई?"

लीलाबाईनं माझ्या त्या टोकाकडं बघितलं. मग तिचा बांध फुटला. अमृतला मातीत ठेवतानासुद्धा ती अशी रडली नव्हती. रडता रडता म्हणाली, "सायेब, म्या म्हनत व्हते, पोरगं गेलं, आता ह्या टोकाला म्या येकलीच हाय. पर येकली आस्ते तर कवाच भुईवर गेले आस्ते की. ह्यी येवढी वर्सं पडले न्हाई. म्हंजी पलीकडं कुनीतरी बसलंय. म्याच मान वळवून बगितलं न्हाई."

साहेबांनी ओठावर आलेलं वचन गिळलं. घसा खाकरून म्हणाले, "उठतो हं, लीलाबाई?"

"बसा जरा. पर आज चहा न्हाई मिळायचा."

ती मधे सरकली, पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि पुन्हा डोळे मिटले.

मित्रांनो, दुःख त्या दिवशी गेलं असं मी खोटं सांगणार नाही. अजूनही ट्रकचा आवाज आला की तिचा हात माझ्या कडेला घट्ट होतो. पण ती रोज संध्याकाळी माझ्यावर बसते. देवाशी भांडायचं असेल तर बसून भांडते. एकदा प्रेरणाला म्हणाली, "तुझ्या दादानं दारात कान धरला व्हता. सगळी हासत व्हती, म्हनून मला उमगलं न्हाई. त्यानं सांगितलंच व्हतं गं, त्याच्या परीनं."

ह्या वर्षी प्रेरणा नर्सिंगला पुण्याला गेली. सकाळी पिशवी पायाशी ठेवून ती माझ्या टोकावर बसली, लीलाबाई दुसऱ्या टोकावर. लांबनं एसटी दिसली.

"आई, उठते हं."

लीलाबाई माझ्या मधोमध सरकली. दोन्ही हात दोन्ही बाजूंना ठेवले, जिथं आता कुणी बसलेलं दिसत नव्हतं. "सरकले बग. जा."

पोर उठली. मी जरासुद्धा हललो नाही.

आता मला वाळवी लागलीय, एक पाय दगडावर टेकलाय. माझं काय, मी कधीतरी चुलीत जाईन. तुमच्याकडं एवढंच मागतो: घरात कोण किती दिवस उभं आहे, ते बघा. त्याला उपदेश करायला जाऊ नका, चहा तर मुळीच मागू नका. पलीकडच्या टोकाला जाऊन गप बसा. आणि जायची वेळ आली, तर सांगून उठा.