तिसऱ्या पेटीचं घड्याळ

वस्तीच्या मागे टेकडी होती आणि टेकडीच्या पोटात काहीतरी कडकडत होतं. माणसांच्या कानांना ते ऐकू येत नव्हतं. उतारावर पुरलेल्या पाच पेट्यांना मात्र येत होतं. त्या पेट्या जिने तयार केल्या होत्या तिच्या घशाखाली दोन दिवस घास उतरत नव्हता.

तिला सगळे धाकटी म्हणत. धाकटी सून म्हणून ती या वस्तीत आली आणि तेच नाव तिला चिकटलं. तिच्यासोबत काम करणारा तंत्रज्ञ त्याच गल्लीतला असल्यामुळे ते नाव नदीपलीकडच्या, दरडींवर नजर ठेवणाऱ्या ऑफिसातही पोचलं. हा तंत्रज्ञ खांब म्हणू नका, कडा म्हणू नका, कुठेही चढायचा, म्हणून त्याला मुंगळा म्हणत. नवरा लांबच्या बंदरात नोकरीला होता. घरात धाकटी आणि सासूबाई अशा दोघीच होत्या, आणि घर शेवटच्या ओळीत, अगदी टेकडीला पाठ टेकून बसलेलं.

पेट्यांचं काम तसं सोपं होतं. आत कुठे खडक तडकला, की त्याचा आवाज पाच पेट्यांपर्यंत मागेपुढे पोचतो. कुठल्या पेटीने आधी ऐकला आणि कुठल्या पेटीने नंतर, यावरून तो कुठे झाला ते काढता येतं. पण त्यासाठी पाचही पेट्यांच्या घड्याळांचं एकमत लागतं. हे घड्याळ म्हणजे नखाएवढा क्रिस्टल ऑसिलेटर, बंद डबीतला स्फटिकाचा तुकडा, वीज मिळाली की ठरलेल्या चालीने थरथरणारा. रोज पहाटे रेडिओवरून सगळी घड्याळं जुळवली जात, आणि दुसऱ्या पहाटेपर्यंत प्रत्येकाने आपली चाल सांभाळायची. त्यात पापणी लवायच्या आतली चूक झाली, तरी नकाशावरचा ठिपका एका अंगणातून उठून दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बसे.

आणि ठिपके खाली येत होते. आधी ते टेकडीच्या माथ्याजवळ होते, आता शेवटच्या ओळीच्या मागे सांडल्यासारखे पसरले होते. पाऊस थांबून आठवडा झाला होता, ऊन पडलं होतं, बायका गच्चीवर गाद्या वाळवत होत्या. भीती वाटावी असं बाहेर काहीच नव्हतं.

ऑफिसातल्या साहेबांनी नकाशा बराच वेळ पाहिला. ते वाईट माणूस नव्हते. मागच्या वर्षी त्यांनीच धाकटीच्या शब्दावर भोंगा वाजवला होता, सगळी वस्ती शाळेच्या हॉलमध्ये नेऊन बसवली होती, आणि निघालं काय, तर एक सैल वायर. तेव्हापासून लोक 'धाकटीचा डोंगर' म्हणून हसत. साहेब एवढंच म्हणाले, की पुन्हा भोंगा चुकीचा वाजला तर तिसऱ्या खेपेला खरा वाजला तरी कुणी उंबरा ओलांडणार नाही. आधी घड्याळ तपासा. ठिपके खाली यायला लागले ते तिसऱ्या पेटीत तिने घड्याळाचा नवा सर्किट बोर्ड बसवल्यापासूनच, हेही त्यांनी हळूच दाखवून दिलं.

धाकटीला ते झोंबलं नाही. उलट तिने मनोमन देवाला हात जोडले. चूक माझीच निघू दे, म्हणाली. लोक हसू देत, नोकरी जाऊ दे, पण डोंगर जागेवर राहू दे.

वर्कशॉपमध्ये हुबेहूब तसाच एक बोर्ड होता. तो तिने टेबलावर मांडला आणि ऑसिलेटरची चाल मोजणारं यंत्र लावलं. आकडा स्थिर होता. मग तिने बोर्डावरचा रेडिओ चालू केला, आणि आकडा दचकला. रेडिओ बोलू लागला की वीज ओढत होता, आणि त्याच वाटेने वीज घेणाऱ्या ऑसिलेटरचा तेवढ्यापुरता घास हिरावला जात होता. बोर्ड थोडा वेळ तसाच चालू दिल्यावर दुसरी गोष्ट दिसली. वीज सारखी करून देणारा रेग्युलेटर तापला, आणि त्याला खेटून बसलेल्या क्रिस्टलपर्यंत बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांतून ती ऊब पोचली. आकडा मुंगीच्या पावलांनी सरकू लागला आणि थांबेचना.

बोर्ड लहान व्हावा म्हणून तिनेच त्या दोघांना शेजार दिला होता. "चुलीला टेकून बसवलं की गं मी याला," ती मुंगळ्याला म्हणाली, आणि गड्याला 'गं' म्हटल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. तिला हसू येत होतं, रडूही येत होतं. चूक सापडली होती. तिचीच होती.

दुपारभर बसून तिने दुसरा बोर्ड तयार केला. या वेळी ऑसिलेटर एकटा कोपऱ्यात, तापणाऱ्या सगळ्यांपासून लांब. त्याच्याभोवती तीन बाजूंनी बोर्ड कापून फट सोडली, म्हणजे ऊब ओलांडून येणार नाही. त्याला वेगळा, फक्त त्याचाच रेग्युलेटर दिला, आणि विजेचा धक्का वाटेतच गिळणारा कपॅसिटर त्याच्या पायाला अगदी चिकटवून लावला. त्याच्या पोटाखालून तांब्याची दुसरी एकही रेघ जाऊ दिली नाही. वरून वारा लागू नये म्हणून छोटं झाकण. रेडिओ चालू केला, बंद केला, रेग्युलेटर तापू दिला. आकडा हलला नाही.

त्या दिवशी घरी जाऊन ती पोटभर जेवली. सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, काही नाही, माझाच घोटाळा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे घड्याळं जुळवून झाल्यावर दोघं उतार चढले. मुंगळा पुढे, अवजारांची पिशवी दातांत धरल्यासारखा चढत होता. तिसरी पेटी करवंदीसारख्या काटेरी झुडपांत होती. त्यांनी झाकण उघडलं, जुना बोर्ड काढला, नवा बसवला, घड्याळ पुन्हा जुळवलं. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन धाकटी वाट पाहत बसली. आता ठिपके माथ्याकडे परत जातील, निदान तिथे विरून तरी जातील.

पहिला ठिपका पडला तो घरांच्या मागे. दुसरा त्याच्या शेजारी. तिने पाठ ताठ केली. तिसरा, चौथा. काल जे शिंतोड्यांसारखं विखुरलं होतं ते आज एकापुढे एक येऊन बसू लागलं, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत त्याची रेघ झाली. कोयत्याच्या पात्यासारखी वाकलेली, दोन्ही टोकं उतारावर, आणि पोट शेवटच्या ओळीच्या पाठीशी. त्याच रेघेवर डोंगर सुटत होता.

घड्याळ चुकत होतं हे खरं होतं. पण चुकणाऱ्या घड्याळाने डोंगर रचून सांगितला नव्हता. त्याने खरा डोंगर फक्त धूसर दाखवला होता.

मुंगळा वाकून पाहत होता. त्याला नकाशा फारसा कळत नसे, पण तिचा चेहरा कळला. तो पिशवी भरू लागला. नेहमी तीन उड्यांत उतरणारा माणूस आता एकेक पाऊल दाबून टाकत होता, जणू खाली कुणी झोपलंय.

तिने उतरता उतरताच साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "घड्याळ?"

"घड्याळ बिघडलेलंच होतं, साहेब. आता दुरुस्त आहे. आणि आता जास्त स्पष्ट दिसतंय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "वाजवतो."

भोंगा वाजला, आणि वस्तीने तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. कुणी खिडकीतून डोकावलं, कुणी हसलं. मुंगळा दारं ठोठावत पळत सुटला. धाकटी घरात शिरली तेव्हा सासूबाई डाळ निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं नाही. मागच्या वेळी शाळेच्या फरशीवर कंबर मोडली, त्या म्हणाल्या, आणि बायका अजून तोंडावर पदर घेऊन हसतात. शिवाय कालच तर म्हणालीस, घोटाळा तुझा होता म्हणून.

धाकटीने समजावण्यासाठी तोंड उघडलं. रेग्युलेटर, ऊब, रेघ, सगळं जिभेवर आलं, आणि त्यातलं काहीच बोलावंसं वाटलं नाही. ती उंबऱ्यातच बसली.

"आई, मला भीती वाटतेय."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून या मुलीने विजेचे खांब, तुटक्या तारा, नवऱ्याशिवायची वर्षं, कशालाच भीती म्हटलं नव्हतं. त्यांनी ताट बाजूला सारलं, गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, "चल. तू पुढे हो, मी हाक मारते सगळ्यांना."

आणि त्यांनी मारली. धाकटीच्या भोंग्याला न हललेली वस्ती म्हातारीच्या शिव्यांना हलली. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी एकेकीचं माहेर काढलं, सासर काढलं, कोण कुणाकडून काय उसनं नेऊन परत द्यायला विसरलंय तेही काढलं. लोक रागावून बाहेर आले, पण आले. नदीच्या पुलापर्यंत भांडतच गेले.

दुपार टळायला लागली तरी काही झालं नाही. माणसं कुजबुजू लागली. निवृत्त पोस्टमन, हट्टी माणूस, औषधं राहिली म्हणून परत फिरला. मुंगळा त्याच्या मागे धावला. ते दोघं गल्लीच्या मध्यावर असताना झाडं चालू लागली. धाकटीने ते पुलावरून पाहिलं. झाडं पडली नाहीत, उभीच्या उभी खाली चालत आली, आणि मग आवाज आला.

धूळ बसायला फार वेळ लागला. मुंगळा पोस्टमनला पाठीवर घेऊन धुळीतून बाहेर आला. पोस्टमनचा पाय मोडला होता आणि तो औषधांसाठी अजून कुरकुरत होता. शेवटची ओळ राहिली नव्हती. तिच्या पुढची अर्धी राहिली होती.

लोक धाकटीजवळ येऊन काही बोलत होते, हात धरत होते. तिला ऐकू येत नव्हतं. तिला एकच दिसत होतं, आदली रात्र. नकाशा बाजूला ठेवून, पोटभर जेवून, आनंदाने त्या घरात ती झोपली होती, आणि भिंतीपलीकडे ती रेघ होती.

नदीपलीकडे भाड्याच्या खोलीत त्या दोघी राहू लागल्या. खोलीमागे सपाट मैदान होतं. तरी धाकटी झोपायच्या आधी भिंतीला कान लावून उभी राही. सासूबाई पाहत, पण टोकत नसत. एकदा त्याही उठून शेजारी आल्या आणि भिंतीला कान लावला.

"काही ऐकू येतंय का गं?"

"नाही, आई."

"मग थोडा वेळ आणखी ऐकू," त्या म्हणाल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या.